बोद्रुम राहिलं, मुरूड झालं

जालन्यात नवराबायकोने मिळून गावाबाहेर पडायला तीन कारणं चालतात: देव, लग्न आणि दवाखाना. चतुर्थीला राजूरचा गणपती, नवरात्रात अंबडची मत्स्योदरी, पुण्याला भाच्याचं लग्न, संभाजीनगरला अँजिओग्राफी. यांतल्या एकाही खणात न बसणारा प्रवास निघाला की विचारणाऱ्याचीच पंचाईत होते. शेजारच्या काकूंनी आमची बॅग बघून विचारलं, "कुठं निघालात?"

"मुरूडला."

"कोणता देव आहे तिथं?"

"देव नाही काकू, समुद्र आहे."

"मग लग्न कुणाचं?" तेही नाही म्हटल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "सगळं बरं आहे ना बाई घरात?"

आमच्या ह्यांना हा प्रश्न येणार हे माहीत असावं. ते रोलिंग मिलमध्ये हिशेब बघतात. सळईच्या धंद्यातल्या माणसाला शोभेल असं कारण त्यांच्याजवळ तयार होतं. "साळावला कारखान्याचं काम आहे, तिथून पुढं जरा जाऊन येऊ." काकूंचा जीव भांड्यात पडला. माझाही, कारण सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दारात उभ्या होत्या.

खरं तर ठरलं होतं तुर्कस्तान. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून पुण्याच्या लेकीने घाट घातला होता. तिने फोनवर बोद्रुम नावाचं गाव दाखवलं. उतारावर पांढरी घरं, त्यांच्यावर चढलेली बोगनवेल, खाली निळं पाणी आणि पाण्यात शिरलेला एक किल्ला. "शॉर्ट ब्रेक, आई. एकदम रोमँटिक," ती म्हणाली आणि हॉटेलची खोली दाखवायला लागली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या आणि टॉवेलच्या घड्या घालून केलेले दोन हंस. ज्या माणसाचा ओला टॉवेल पंचवीस वर्षं मी पलंगावरून उचलत आले, त्याच माणसाबरोबर टॉवेलचे हंस बघायला सात समुद्र ओलांडायचे, या कल्पनेने मला हसू फुटलं. लेकीला वाटलं, आई लाजली.

पण गाव मनात भरलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवते. गावाचं नाव कळलं की त्याचं जुनं नाव शोधायची खोड आहे. बोद्रुम म्हणजे प्राचीन हॅलिकार्नासस, इतिहासकार हेरोडोटसचं जन्मगाव. इसवीसनापूर्वी ३५३ मध्ये तिथला राजा मॉसोलस वारला आणि त्याची राणी आर्टेमिसिया हिने त्याच्यासाठी असा मकबरा उभारला, की जगातल्या सात आश्चर्यांत त्याची गणना झाली. ती त्याची बहीणही होती. त्या घराण्यात तशी चाल होती. दु:ख इतकं अनावर, की नवऱ्याची रक्षा ती मद्यात कालवून प्यायली, अशी कथा आहे. दोनेक वर्षांत तीही गेली. पुढे तो मकबरा भूकंपांनी ढासळला, आणि पंधराव्या शतकात आलेल्या ख्रिस्ती सरदारांनी त्याचेच चिरे काढून समुद्रकाठचा किल्ला बांधला. लेकीच्या फोटोतला किल्ला तो हाच. मकबऱ्याच्या जागी आता पाया आणि काही तुटके खांब आहेत.

हे सगळं मी रात्री ह्यांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. झोपले असं वाटलं तोच म्हणाले, "तू आमची रक्षा चहात घाल. साखर कमी."

आमच्या मराठवाड्याला असल्या इमारतींचं नवल नाही. इथल्या प्रत्येक जोडप्याच्या अल्बममध्ये बीबी का मकबऱ्यापुढचा एक फोटो असतो, नवरा ताठ, बायको पदर सावरलेली, मध्ये वीतभर अंतर. आमचाही आहे. पण तो मकबरा नवऱ्याने बायकोसाठी बांधलेला म्हणून ओळखला जात नाही. दिलरस बानूचं ते स्मारक तिच्या मुलाच्या, आझमशहाच्या नावावर आहे. आमच्याकडे प्रेमाच्या इमारतीतसुद्धा मुलगाच पुढे, असं मी वर्गात एकदा म्हटलं होतं. मुली हसल्या, मुलं गप्प.

मग २०२५ चे एप्रिल-मे आले. पहलगामचा हल्ला, मागोमाग ऑपरेशन सिंदूर, आणि तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला. पुण्याच्या बाजार समितीतल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घ्यायची नाहीत असं ठरवलं, सहली काढणाऱ्या कंपन्यांनी बुकिंगं थांबवली. आमचं बुकिंग झालेलंच नव्हतं. ह्यांचा पासपोर्टही यायचा होता. लेक हळहळली. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र सुटका झाल्याचा भाव मी बरोबर टिपला.

तुर्कस्तानशी आम्हा मराठवाड्याच्या लोकांचं नातं मात्र सोयरिकीचं आहे, हे फार जणांना माहीत नसतं. १९२४ मध्ये खिलाफत बरखास्त झाली आणि शेवटचा खलिफा अब्दुलमजीद देशाबाहेर घालवला गेला. त्याची एकुलती एक लेक दुर्रुशेहवार १९३१ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला दिली. लग्न फ्रान्समधल्या नीस गावात लागलं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात; म्हणजे आमच्या आजोबांच्या राजघराण्याची सून इस्तंबूलची होती. खलिफाला भारतात दफन करायचं म्हणून खुलताबादजवळ त्याच्यासाठी एक कबरही बांधून ठेवली. १९४४ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला आणि अखेर मदिनेला पुरला गेला. खुलताबादची कबर रिकामीच राहिली. वेरूळला गेलेल्या शंभरातले नव्व्याण्णव लोक खुलताबादेत औरंगजेबाचं थडगं विचारतात. या रिकाम्या इमारतीकडे कुणी फिरकत नाही. मला ती जास्त आवडते. आर्टेमिसियाच्या मकबऱ्याचे चिरे किल्ल्यात गेले; हिचे चिरे तरी कुणी अजून पळवलेले नाहीत.

मुरूड मीच काढलं. पाण्यातला किल्ला, नवाबी गाव, काठाने जुनी घरं. लेकीच्या फोटोत जे जे होतं ते ते इथे होतं, पासपोर्टशिवाय. जूनपासून किल्ल्याच्या होड्या बंद होतात, म्हणून थांबलो आणि मार्गशीर्षात निघालो. रात्रीची देवगिरी, सकाळी मुंबई, गेटवेहून मांडव्याची लाँच. अलिबागपर्यंतच्या बसचे पैसे लाँचच्या तिकिटातच असतात, याचं ह्यांना फार कौतुक वाटलं. हिशेबनीस माणसाला प्रवासात एवढा आनंद पुरतो. पुढे एसटी. रशियातला अफनासी निकितिन पंधराव्या शतकात ज्या चौल बंदरात उतरला ते गाव मागे पडलं, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट मागे पडला आणि बस एका लांबलचक पुलावर चढली. कंडक्टरला विचारून हे खिडकीशी वाकले.

"अगं, ही कुंडलिका म्हणे!"

जालन्याची नदी कुंडलिका. आमची कुंडलिका म्हणजे पावसाळ्याचे चार दिवस वाहणारी, बाकीचं वर्ष शहराची घाण पोटात घेऊन पडलेली. ती पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरात जातं. ही रेवदंड्याची कुंडलिका वेगळी. सह्याद्रीत भिऱ्याकडून उगवून रोह्यावरून आलेली, तोंडाशी खाडी होऊन कोसभर फाकलेली. तिच्यात मचवे उभे होते. हे बराच वेळ बघत राहिले. "आपली इथं दिली असती लग्न करून, तर सुखात राहिली असती," असं काहीतरी पुटपुटले.

पूल उतरताच साळावचा कारखाना. स्पंज आयर्न तिथे तयार होतं, आणि जालन्याच्या भट्ट्या भंगाराबरोबर स्पंज आयर्नवरच चालतात. त्याची नीट पातळ सळई होईपर्यंत काय काय होतं ते हे झोपेतही सांगतील. चिमण्या दिसल्या तशी त्यांनी घड्याळाकडे बघून गंभीरपणे सांगितलं, "चला, कारखान्याचं काम झालं. आता जरा पुढं जाऊन येऊ."

काशीद आलं आणि गेलं. पाण्यातल्या स्कूटर, उंट, घोडागाड्या, माणसांचा समुद्र. तिथे उतरलो नाही.

मुरूड मात्र जुन्या वळणाचं आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या, पुढे ओटी आणि मागे विहीर असलेली घरं, दगडी कुंपणावर वाळत घातलेली जाळी. गावाबाहेर चढावर नवाबाचा एकोणिसाव्या शतकातला राजवाडा आहे. खाजगी असल्यामुळे रस्त्यावरूनच बघायचा. आम्ही एका घरगुती खानावळीतच खोली घेतली होती. नोंदवहीत नावं लिहिताना मालकीणबाईंचा मुलगा म्हणाला, "काका, हरिहरेश्वर पण करून घ्या. देवदर्शन होईल." तीन कारणं कोकणातही लागू होती तर!

हे मटण खातात, पण मासा त्यांना परका. जालन्यात समुद्राचा मासा बर्फातून येतो आणि त्याच्या वासावर आत्याबाईंचं मत फार कडक आहे. पहिल्या रात्री पानात तांदळाची भाकरी, सोलकढी आणि तळलेला बांगडा आला. ह्यांनी बांगड्याकडे बघितलं, बांगड्याने ह्यांच्याकडे. मालकीणबाई जवळ येऊन बसल्या. "दादा, असा दाबा. पाठीवरून बोट फिरवा. आता शेपटीकडून उचला." त्यांनी दाखवलं आणि अख्खा काटा फणीसारखा निघून आला. ह्यांनी आपल्या पानातल्या बांगड्यावर तो प्रयोग केला; निम्मा काटा आला, निम्मा मोडला. राहिलेले बारीक काटे ते चष्मा कपाळावर चढवून, खतावणीतली चूक शोधावी तसे एकेक करून काढत बसले. ताटाच्या कडेला काट्यांची एक ओळ लागली. मग तो साफ केलेला मासा त्यांनी उचलून माझ्या पानात ठेवला आणि माझा आपल्याकडे ओढला. मालकीणबाई उठून आत गेल्या. पंचवीस वर्षांत ह्यांनी मला पाणीसुद्धा कधी वाढलं नव्हतं, आणि याबद्दल माझी तक्रारही नव्हती. आमच्याकडे ताट वाढण्याची वाटच एकेरी असते. मी काही बोलले नाही. त्यांनी ठेचा मागितला.

सकाळी राजपुरीला गेलो. होडी शिडाची. इंजिनाची धडधड नाही; शीड भरलं की लाकूड करकरतं तेवढंच. जंजिऱ्याचा दरवाजा राजपुरीच्या अंगाला आहे, पण तटाच्या दोन बुरुजांआड असा दडलेला, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत नुसती भिंत दिसते. पायरीशी होडी वरखाली होत असते. होडीवाला ओरडतो, "लाट आली की पाय टाका!" हे आधी चढले, मागे वळले आणि त्यांनी हात पुढे केला. मी धरला. पुढे दरवाजातून आत, हत्तींना पंजात धरलेल्या वाघाचं शिल्प मागे टाकून, चढाची अर्धी वाट संपेपर्यंत तो हात कुणी सोडला नाही. जालन्यात गांधी चमनपासून अंबड चौफुलीपर्यंत आम्ही कितीदा चालत गेलो असू, पण तेव्हा हे चार पावलं पुढे असतात आणि भाजीची पिशवी माझ्या हातात असते.

होडीवालाच वाटाड्या. मेढेकोटाचे कोळी पाटील, निजामशाहीच्या काळातला दगडी कोट, आफ्रिकेतून आलेले हबशी सिद्दी, शिवाजी महाराजांचे प्रयत्न, १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी घातलेला वेढा. समोर समुद्रात महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग दाखवून तो म्हणाला, "पण जंजिरा अजिंक्यच राहिला." घोळक्यात थोडी शांतता पसरली. ह्यांनी हात वर केला.

"आमच्या जालन्याला महाराज आले होते. १६७९ मध्ये."

"राहायला?" होडीवाल्याने विचारलं.

"लुटायला."

सगळे हसले. ह्यांचा अभिमान मात्र तसूभर कमी झाला नाही. ज्या पेठेची लूट करायला महाराजांना यावंसं वाटलं, ती पेठ काही साधीसुधी नसणार, असं जालन्याच्या व्यापारी डोक्याचं गणित आहे. त्या स्वारीहून परतताना महाराज अकोले तालुक्याकडच्या पट्टा किल्ल्यावर विसाव्याला थांबले, म्हणून तो विश्रामगड झाला. जालना झाल्यावर विश्रांती लागते हे तेव्हापासूनचं, असं मी ह्यांच्या कानात सांगितलं.

आणखीही एक धागा माझ्या डोक्यात होता. जालन्याची काळी मशीद १५७८ ची, जमशेदखानाने बांधलेली, अहमदनगरच्या निजामशाहीतली. जंजिऱ्याचा हा दगडी कोटही त्याच निजामशाहीत, त्याच्या थोडा आधी उभा राहिला. एकाच दरबारात कोरड्या जालन्याच्या मशिदीचा आणि खाऱ्या जंजिऱ्याच्या तटाचा विचार होत होता. शेवटही बरोबरीनेच झाला: जंजिरा संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये विलीन झालं, आणि आमचा हैदराबादचा निजाम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शरण आला.

लोक कलालबांगडी तोफेकडे गेले. आम्ही तळ्याशी थांबलो. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये दगडी काठांचं गोड्या पाण्याचं तळं. पाणी शेवाळाने हिरवं, काठाला सुरूलखानाच्या पडक्या वाड्याच्या भिंती. काही दशकांपूर्वीपर्यंत किल्ल्यात माणसं राहत होती, ती हेच पाणी पीत. हे कठड्यावर बसले आणि जालन्याच्या माणसाला सुचणारा पहिला प्रश्न त्यांनी विचारला.

"हे किती महिने पुरत असेल?"

मग तेरा सालचा दुष्काळ निघाला. घाणेवाडीचा तलाव तळाला गेलेला, नळाला पाणी नाही, टँकर येईल तेव्हा येईल. गल्लीत टँकर बहुधा रात्रीच यायचा. हे ड्रम आणि पाइप घेऊन खाली उभे राहायचे, मी वर वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसायची. पोर झोपलेली, आत्याबाई झोपलेल्या.

"बरं होतं ते वर्ष," हे म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात काही गफलत झाली. त्या वर्षी आम्ही मोसंबीची झाडं तोडली होती. गावाकडे भावाने सरपण म्हणून विकली.

"रात्री दोनला तू चहा घेऊन खाली यायचीस. शाल घेऊन. टँकर येईपर्यंत ओट्यावर बसायचीस." थोडं थांबून म्हणाले, "कामून यायचीस तू? मी काही हाक मारली नव्हती."

कामून जात होते मी? पेपर संपायचे नाहीत, झोप डोळ्यांवर असायची, दूध बेताचं असायचं. तरी जायची. ओट्यावर बसून आम्ही काय बोलायचो ते मला एक अक्षर आठवत नाही. ह्यांना आठवत होतं. मी कोणत्या वर्गाच्या पोरांची उत्तरं वाचून दाखवायची, त्यांतलं एक गाढव उत्तरही त्यांनी शब्दश: म्हणून दाखवलं. बारा वर्षं हा माणूस ते मनात धरून होता आणि घरी सांगायला त्याला एकही संध्याकाळ मोकळी मिळाली नव्हती. घरी आम्ही दोघं समोरासमोर येतो ते काहीतरी उरकायला: गॅसचा नंबर, आत्याबाईंच्या गोळ्या, लेकीचा हप्ता. या तळ्याकाठी उरकण्यासारखं काहीच नव्हतं. पाणी भरायचं नव्हतं, ते प्यायचंही नव्हतं.

म्हणूनच त्या पाकळ्या आणि हंसांवर माझा राग आहे. ज्यांची नवी ओळख आहे त्यांनी खुशाल पाकळ्यांवर झोपावं. आमच्यासारख्यांना पडकं, जुनं, थोडं दुर्लक्षित गाव बरं; तिथे बघायला पुरेसं असतं आणि करायला काही नसतं. बोद्रुमलाही असंच झालं असतं बहुधा. मॉसोलसच्या तुटक्या खांबाशी बसून ह्यांनी टँकरच काढला असता, फक्त त्याला लाखभर रुपये जास्त पडले असते.

होडीवाल्याची शिट्टी झाली. तोफा बघायच्या राहिल्या.

परत आल्यावर काकूंनी विचारलं, "झालं का साळावचं काम?" हे म्हणाले, "झालं, पण थोडं शिल्लक आहे. पुढल्या वर्षी परत जावं लागेल." आत्याबाईंनी बॅग उघडून कोकम, तांदळाचे पापड आणि पोह्यांचे फेणे बाहेर काढले आणि सुकी मासळी नाही याची खात्री करून घेतली.

तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात होड्या नसतात. सुट्टीचा दिवस टाळा, सकाळची पहिली होडी धरा. किल्ल्यात होडीवाला तासभरही देत नाही, तेवढ्यात सगळं बघून होत नाही. तेव्हा तोफा सोडा, तळ्याशी बसा. आणि मुलांना नेऊ नका. ती किल्ला त्यांच्या त्यांच्या जोडीदाराबरोबर बघतील.